टायटॅनिकची हाक ऐकणारा गिरणीवाला

समुद्रात बुडणाऱ्या जहाजाची हाक घरात बसून ऐकू येऊ शकते, हे आज कोणाला नवल वाटणार नाही. पण 1912 साली वेल्समधल्या एका खेड्यात एका तरुणाने ती ऐकली, तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

त्याचे नाव आर्टी मूर. जन्म 1887चा. दक्षिण वेल्समध्ये गेलिग्रोस गावी त्याच्या घरची पाणचक्कीवर चालणारी धान्याची गिरणी होती. लहानपणी गिरणीतच अपघात होऊन त्याने एका पायाचा खालचा भाग गमावला. पुढे आयुष्यभर लाकडी पाय. मुलगा मात्र हुनरबाज होता. त्याने वाफेच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार करून एका मासिकाच्या स्पर्धेत पाठवली आणि त्याला बक्षीस मिळाले. बक्षीस काय, तर सर ऑलिव्हर लॉज यांचे वीज आणि चुंबकत्वावरचे पुस्तक. त्या पुस्तकाने त्याला बिनतारी संदेशाचे वेड लावले.

बाजारात तयार यंत्र मिळण्याचे ते दिवस नव्हते. त्याने संदेश पकडणारे यंत्र स्वतः जुळवले, आकाशतार म्हणून तांब्याच्या लांबच लांब तारा गिरणीपासून ताणल्या आणि गिरणीच्या चाकावर वीज तयार करून बॅटऱ्या भरल्या. आसपासच्या शेतकऱ्यांच्या बॅटऱ्याही तो भरून देत असे. तेव्हा बिनतारीतून माणसाचा आवाज येत नव्हता, मोर्सचे ठिपके आणि रेघा यायच्या. रात्री हवेतला गोंगाट कमी असला की शेकडो कोसांवरच्या जहाजांचे संदेश त्याच्या कानी पडत.

टायटॅनिकच्या आधीच्या वर्षी त्याने पकडलेला एक संदेश आपल्या इतिहासाशी जोडलेला आहे. 29 सप्टेंबर 1911 रोजी इटलीने उस्मानी सल्तनतीविरुद्ध युद्ध पुकारले. निशाणा होता तराबलस, म्हणजे आजचा लिबिया. युद्धाच्या घोषणेचा इटलीचा बिनतारी संदेश या गिरणीवाल्या पोराने वेल्समध्ये पकडला आणि लंडनच्या वर्तमानपत्रात त्याचे नाव झळकले. त्याच युद्धात विमानातून बॉम्ब टाकण्याची सुरुवात झाली. हिंदुस्थानी मुसलमान या बातम्यांनी किती हेलावले होते, हे उर्दूच्या वाचकांना सांगायला नको. तराबलसच्या रणात जखमींना पाणी पाजताना शहीद झालेल्या फातिमा बिन्त अब्दुल्ला या मुलीवर इक्बाल यांनी नज्म लिहिली. मौलाना आझादांचे 'अल-हिलाल' 1912च्या जुलैत सुरू झाले आणि त्याच्या पानापानांत तराबलस होते. मूरच्या दृष्टीने तो एक दूरचा संदेश होता, आपल्या आजोबा-पणजोबांसाठी ते काळजाला लागलेले दुःख होते.

मग 15 एप्रिल 1912ची पहाट. मूरच्या यंत्रावर टायटॅनिकची मदतीची याचना उमटली. जहाज तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, उत्तर अटलांटिकमध्ये होते. त्याने गावात सांगितले, पोलिसांना सांगितले. लोक हसले. कधीही न बुडणारे म्हणून गाजलेले जहाज बुडते आहे, हे एक लंगडा गिरणीवाला सांगतो म्हणून कोण मानणार? दोन दिवसांनी वर्तमानपत्रे आली, तेव्हा गाव गप्प झाले.

मूरला ऐकू आले, पण तो काही करू शकत नव्हता. त्याच वेळी टायटॅनिकच्या बरेच जवळ 'कॅलिफोर्नियन' हे जहाज उभे होते. त्याचा एकुलता एक बिनतारी ऑपरेटर यंत्र बंद करून झोपी गेला होता. त्याने नियम मोडला नव्हता, कारण रात्रभर ऐकत बसण्याचा नियमच नव्हता. दीड हजारांवर माणसे गेल्यावर जगाला हे कळले. 1914च्या जानेवारीत लंडनमध्ये समुद्री सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावर कोणीतरी सतत कान देऊन बसले पाहिजे, हे तत्त्व तिथे मान्य झाले.

पण करार कागदावर असतो आणि बोट पाण्यात. 17 जुलै 1947 रोजी, रमजान अगदी तोंडावर असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेवर माणसे बुडाली. मुंबई काही मैलांवर होती, पण बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हते. पोहून वाचलेली माणसे किनाऱ्याला लागली तेव्हा मुंबईला कळले. टायटॅनिकची हाक वेल्सच्या खेड्यात पोहोचली होती. पस्तीस वर्षांनंतर रामदासची हाक समोर दिसणाऱ्या शहरातही पोहोचली नाही. ज्या कोकणच्या घराघरांतून तांडेल आणि खलाशी निघाले, आगबोटींच्या भट्ट्यांपुढे ज्यांनी उमेदी घालवल्या, त्या किनाऱ्याने हा फरक फार महाग मोजला.

आज जहाजे 156.8 मेगाहर्ट्झवर, म्हणजे सोळाव्या चॅनलवर, कान ठेवून असतात. या लहरींसाठी मूरसारख्या लांब तारा लागत नाहीत. जेमतेम दीड फूट उभी तार आकाशतार म्हणून पुरते. मात्र या लहरी साधारण क्षितिजापर्यंतच जातात, म्हणून आकाशतार जितकी उंच तितके दूरचे ऐकू येते. आपल्याकडे बिनतारी यंत्राला कायदा आणि परवाना लागू आहे. हौशी रेडिओसाठी सरकारी परीक्षा असते. ती देऊन ही विद्या रीतसर शिकता येते. आणखी एक दंडक सर्व देशांत जुना आहे: दुसऱ्यासाठी असलेला संदेश कानी पडला, तर तो इतरांना सांगायचा नाही. अपवाद फक्त संकटाच्या हाकेचा. कानी पडलेली गोष्ट अमानत असते, हे आपल्याला नव्याने शिकवावे लागू नये.

मूर पुढे मार्कोनी कंपनीत गेला, जहाजांच्या यंत्रांवर आयुष्यभर काम केले आणि 1949 साली वारला. शिक्षक म्हणून मला त्याच्या गोष्टीत ते बक्षिसाचे पुस्तक सर्वांत मोठे वाटते. आपल्या मदरशांत, शाळांत आणि मोहल्ल्यांच्या जलशांत मुलांना शाल, ट्रॉफी, भिंतीवरचे घड्याळ देतो. त्याऐवजी यंदा एखाद्या हुनरबाज मुलाला किंवा मुलीला विज्ञानाचे एक चांगले पुस्तक द्या. आणि ते मूल उद्या काही विचित्र ऐकल्याचे सांगत आले, तर हसू नका.