वल्ह्यापासून यंत्रापर्यंत

सुप्याच्या शिवारात होडी चालावी इतके पाणी नाही, हे सर्वश्रुत आहे. तथापि आम्हां भोई कुटुंबांचा पाण्याशी संबंध गावच्या ओढ्यापुरता कधीच नव्हता. पालखी वाहणे व उतारूंना नदीपार करणे ही दोन्ही कामे आमच्या पूर्वजांकडे असत. मोटारी आणि पूल आले, ती कामे गेली. मासेमारी तेवढी उरली. पुढे 1970च्या दशकाच्या आरंभी बारागाव नांदूर येथे मुळा धरण उभे राहिले. 26 हजार दशलक्ष घनफुटांच्या अशा जलाशयात समोरून वारा सुटला की वल्हेकऱ्याची छाती भरून येते. साहजिकच तरुण मंडळी यंत्राचा विचार करतात आणि प्रथम विचारतात, अश्वशक्ती किती घ्यावी? यंत्राचा इतिहास पाहता प्रश्न निराळा असावा, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी लहान होडीस एंजिन बसवावयाचे तर बहुधा तिच्या अंगास भोक पाडून पंख्याचा दांडा बाहेर काढावा लागे. नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने 1909 साली विक्रीस आणलेले यंत्र होडीच्या मागील फळीस बाहेरूनच अडकविता येई. असे प्रयत्न पूर्वीही झाले होते. लोकप्रिय झाले ते याचे. शक्ती अवघी दीड अश्व, वजन सुमारे 28 किलो! काम संपताच एका माणसाने ते खांद्यावर टाकून घरी न्यावे, ही त्याची खरी थोरवी. (त्या नावाच्या एंजिनांचे उत्पादन 2020 साली थांबले.)

कोकणातील कोळी बांधवांनी मोठ्या नौकांत डिझेल एंजिन आत बसविले. दूर समुद्रासाठी ते योग्यच. आमच्या होड्या लहान. उन्हाळ्यात पाणी ओसरते, खडक व बुंधे वर येतात, काठ दूर सरकतो. तेथे उचलता येणारे यंत्रच हवे. मागील फळीची उंची आधी मोजावी. 15 इंचांच्या फळीस आखूड दांड्याचे, 20 इंचांच्या फळीस लांब दांड्याचे. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढून नुसता फिरतो. लांब झाला तर खडकाला लागतो. होडीला न पेलणारे भारी यंत्र लावल्यास मागचा भाग दबतो व लाट आत येते.

शक्तीवर भरवसा किती ठेवावा? 23 मे 2024 रोजी अकोले तालुक्यातील सुगाव येथे, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटून दलाच्या तिघा जवानांचा अंत झाला. शिकविलेली माणसे होती ती.

इंधनाचाही विचार करावा. जुन्या धाटणीच्या दोन फेऱ्यांच्या एंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात; ते हलके, दुरुस्तीस सोपे, पण न जळलेले तेल पाण्यात सोडते. चार फेऱ्यांचे जड व महाग, तरी तेल कमी सोडणारे. मुळेचे पाणी अहिल्यानगर शहर पिते, तेव्हा खर्च सोसूनही आमचा कौल दुसऱ्यालाच.