ओझं, जू आणि निरम

उरणच्या मोरा बंदरात ओहोटी लागली की भाऊच्या धक्क्याहून आलेली लाँच धक्क्याला लागत नाही. खाली गाळ आहे, पाणी कमी आहे, त्यामुळे भरती चढेपर्यंत थांबायचं. उरणमध्ये वाढलेल्या मुलाला बोटीचं वजन आणि पाण्याची खोली यांचा हिशेब शाळेत शिकवावा लागत नाही. भरलेला मचवा किती खोल बसतो, हे तो काठावरून बघून सांगतो. म्हणून मराठी ख्रिस्ती साहित्यात ‘ओझं’ कुठे, कसं आणि कशासाठी उतरवलं जातं, या अभ्यासाचं निमंत्रण उरणमधून द्यावंसं वाटलं. या वाटेवर पहिल्यांदाच येणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. त्यानं ग्रीक शिकलेलं असण्याची गरज नाही, आणि तो ख्रिस्ती असायलाच हवा असंही नाही.

सुरुवात एका शब्दापासून करू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू थकल्याभागल्यांना आपल्याकडे बोलावतो. तो आपला भार हलका असल्याचं सांगतो, तिथे मूळ ग्रीकात ‘फोर्तिऑन’ हा शब्द आहे. हाच शब्द जहाजावरच्या मालालाही लावतात. बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेषित पौल खलाशांना बजावतो, की पुढे गेलात तर माल आणि जहाज दोन्ही जातील. तिथेही हाच शब्द येतो. म्हणजे येशूनं भार नाहीसा करण्याचं वचन दिलेलं नाही. तो खांद्यावरचं जू बदलायला सांगतो आणि नवं जू सोयीचं असल्याची हमी देतो. ‘सोयीचं’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे, ‘ख्रेस्तॉस’, त्याचा अर्थ दयाळू असाही होतो. मिठागरात काम करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. मिठाची टोपली डोक्यावर घेण्याआधी ती जुन्या लुगड्याच्या पट्ट्याची चुंबळ वळते, डोक्यावर ठेवून एकदा दाबून बघते, मग टोपली चढवते. मीठ तेवढंच असतं, पण मान वाचते.

सत्ताविसावा अध्याय सबंध वाचावा, आणि शक्य असेल तर मोठ्यानं. आलेक्सांद्रियाचं जहाज इटलीला निघालेलं आहे, त्यावर दोनशे शहात्तर माणसं आहेत आणि वादळ थांबायचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी ते माल समुद्रात टाकू लागतात, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातांनी जहाजाचं सामान फेकतात. शेवटी, चौदा रात्री उलटल्यावर, गहूही जातो. आधी विकायचं, मग वापरायचं, मग खायचं, असा हा क्रम आहे. त्यात एक बारकावा आहे, आणि अभ्यासकांनी त्यावर पुरेसं थांबायला हवं असं मला वाटतं. गहू टाकण्याआधी पौल सगळ्यांना पोटभर जेवायला लावतो. उपाशी माणसाला त्याग सुचवायचा नसतो, हे त्या वादळातही त्याला भान आहे. पुढे जहाज फुटतं, पण माणूस एकही दगावत नाही.

आता याच्या उलट बाजूचा शब्द बघू. मराठीत ‘निरम’ म्हणून एक शब्द आहे. रिकामं गलबत लाटांवर कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी जे वजन भरतात ते निरम. टाकायचं वजन आणि ठेवायचं वजन यांतला हा फरक पौलाकडेही सापडतो. गलतीकरांना लिहितो तेव्हा तो एकाच अध्यायात दोन गोष्टी सांगतो, आणि वरवर बघता त्या एकमेकींना छेद देतात. एकमेकांची ओझी वाहा, असं तो म्हणतो. तीनच वचनांनंतर, प्रत्येकानं आपला भार आपणच वाहायचा आहे, असंही म्हणतो. भाषांतरात गोंधळ वाटतो, पण ग्रीकात शब्द दोन आहेत. पहिला ‘बारोस’, माणसाला चिरडणारं वजन. दुसरा आपला ओळखीचा ‘फोर्तिऑन’, ज्यानं त्यानं न्यायचा आपला माल. या अभ्यासाचा गाभा मला इथे दिसतो: आपल्या अंगावरचं कुठलं वजन बारोस आहे आणि कुठलं निरमासारखं तोल राखणारं, हे ओळखायला शिकणं. सगळंच फेकून देणारा माणूस हलका होत नाही, तो कलंडतो.

मराठीत ही कल्पना फार जुन्या काळापासून रुजत आली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं आणि ख्रिस्ताची कथा ओवीत आली. पाठीवर गाठोडं घेतलेला यात्रेकरू मात्र १८४१ मध्ये मराठीत आला, हरि केशवजींच्या ‘यात्रिकक्रमण’मधून. जॉन बन्यनच्या १६७८ च्या इंग्रजी रूपककथेचं ते भाषांतर. त्यात यात्रेकरू क्रूसापाशी पोचतो आणि पाठीवरचं ओझं एका क्षणात सुटून घरंगळत जातं. हे चित्र इतकं प्रभावी ठरलं, की श्रद्धेची वाढ अशीच होते असा पुष्कळांचा समज झाला. ज्यांचं ओझं असं पडलं नाही ते स्वतःलाच दोष देत राहिले.

आपल्याकडच्या माणसांचे अनुभव वेगळं सांगतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता, असं त्या पुढे आपल्या साक्षीत सांगतात, आणि तो मिळाल्याचा काळ त्या १८९१ च्या सुमाराचा मानतात. मध्ये आठ वर्षं गेली. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला तो १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभारताना. मे १९१९ मध्ये ते वारले. संन्यस्त टिळकांच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षं आली.

माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपाशी. १९३४ पासून भागाभागानं आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या नवऱ्याच्या ख्रिस्ती घरात परततात, पण आपलं सोवळं, आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवून. टिळक ते चालवून घेतात. मग ते सोवळं कसं कसं सुटत गेलं, हे त्या इतक्या सहजपणे सांगतात की वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता एक फार मोठी गोष्ट घडून गेलेली असते. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ओझं हिसकावून घेतलं असतं तर त्यांनी ते कदाचित आणखी घट्ट धरलं असतं. ईश्वरपरिज्ञानाच्या, म्हणजे थिऑलॉजीच्या, पाठ्यपुस्तकात धीरानं वाट पाहण्यावर एक प्रकरण असतं. त्या प्रकरणाऐवजी मी विद्यार्थ्याच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ देईन.

आणि उतरवलेल्या ओझ्याच्या जागी काय येतं? रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या मुलींना, टाकलेल्या बायकांना आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते पूर्ण रूपात १९२४ मध्ये बाहेर आलं, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. हलकी झालेली बाई एवढं वजन उचलते.

उरणमध्ये बसून हे लिहिताना एका गोष्टीपाशी अडखळायला होतं. इथलं न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्याआधी जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. ज्याची शेती, मिठागर, मासे मारायची खाडी गेली, त्याला ‘मनातलं ओझं सोडून दे’ असं उपदेशकानं सांगणं मला पाप वाटतं. मत्तयाच्याच तेविसाव्या अध्यायात येशू लोकांच्या खांद्यांवर जड ओझी बांधणाऱ्या आणि स्वतः बोटही न लावणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडतो. तिथेही शब्द ‘फोर्तिऑन’च आहे. कोणाचा भार कोणी लादला, हा प्रश्न वगळून केलेलं ईश्वरपरिज्ञान अर्धवट राहतं. मनातली कटुता देवापाशी ठेवता येते. हक्काची मागणी ठेवून द्यायची नसते.

याच न्हावा-शेवा बंदरानं या अभ्यासाला आणखी एक उपमा दिली आहे. जुलै २०१६ पासून कुठलाही भरलेला कंटेनर खरं वजन नोंदवल्याशिवाय जहाजावर चढवता येत नाही. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जड कंटेनर जहाजाला चालतो, कारण तो कुठे रचायचा ते ठरवता येतं. चुकीचं वजन सांगितलेला कंटेनर अख्खी रास कोसळवू शकतो. पापकबुलीची परंपरा शिकवताना मी आता इथूनच सुरुवात करतो. आधी काट्यावर चढायचं. उतरवायचं काय, ते मग बघू.

वाचायला बसाल तेव्हा क्रम असा धरा: आधी ‘स्मृतिचित्रे’, मग मत्तयाचे ते दोन अध्याय, मग गलतीकरांस पत्र, आणि ‘यात्रिकक्रमण’ सगळ्यात शेवटी. पौलाच्या वादळाचा अध्याय मात्र मधे कधीही वाचा, मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत बसला असाल तेव्हा. भरती चढेपर्यंत तो आरामात वाचून होतो.