वनस्पतिजन्य दुधाचा शोध

पुण्याच्या ज्या आगाखान महालाविषयी, दुष्काळग्रस्त रयतेला काम मिळावे म्हणून तो १८९२ साली उभारला गेला असे सांगतात, त्याच महालात ऑगस्ट १९४२ पासून नजरकैदेत असलेल्या गांधीजींनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. आणि दूध सोडण्याचे व्रत घेऊनही मोठ्या दुखण्यात शेळीच्या दुधाचा आश्रय करावा लागल्याचे शल्य ज्यांना जन्मभर होते, त्या गांधीजींनी दुधाची जागा घेईल असे काही अफाट वनस्पतिसृष्टीत असलेच पाहिजे, हा विश्वास त्यात नमूद केला. त्यांच्यापुढे प्रश्न व्रताचा होता. गरिबाघरच्या अशक्त मुलापुढे तोच प्रश्न जगण्याचा होता.

पुण्याच्या स्वयंपाकघरांत त्याचे एक जुने उत्तर होते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून फडक्यातून गाळावी, पांढऱ्या पाण्याखाली बसलेला साका वाळवावा आणि त्याची गूळ घालून खीर शिजवावी. हे सत्त्व मुलाला सहज पचते, ही आजीबाईंची पारख खरीच. परंतु त्यात मुख्यतः पिष्ट उतरते आणि खंगलेल्या मुलाला हवी असलेली प्रथिनांची भर त्यातून पुरेशी पडत नाही.

ती भर द्विदल धान्यांतून काढण्याची तजवीज प्रयोगशाळांनी केली. बंगळूरला सोयाबीनच्या दुधावर संशोधन झाले. पुढे म्हैसूरच्या अन्नतंत्र संस्थेने शेंगदाण्याची प्रथिने म्हशीच्या दुधात मिसळून ‘मिलटोन’ सिद्ध केले. मात्र १९६० नंतर शेंगदाण्यावरील बुरशीच्या विषाचा उलगडा झाला आणि बालकांच्या आहारात शेंगदाणा वापरताना कसोशीने पारख करणे अपरिहार्य ठरले.

पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेचे, कार्य येथे मला विशेष मोलाचे वाटते. कारण सुमारे चाळीस टक्के प्रथिने असलेल्या सोयाबीनचे वाण तिने शेतकऱ्याच्या हाती दिले, आणि पीक शिवारात आल्यावाचून प्रयोगशाळेतील दूध वस्तीपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. त्या दाण्याचा उग्र वास उकळत्या पाण्यात वाटल्याने कमी होतो आणि पचनात अडथळा आणणारे द्रव्य नीट उकळल्याने निष्प्रभ होते. तरीही घरी काढलेल्या या दुधात कॅल्शियम गाईच्या दुधाहून कमी आणि ब१२ जीवनसत्त्व नाहीच. म्हणून सहा महिन्यांपुढील मुलाला ते आईच्या दुधाऐवजी नव्हे, तर त्याच्या आणि भात-वरणाच्या जोडीला, पूरक म्हणूनच द्यावयाचे.