हुपरीचं पैंजण काळं पडू नये म्हणून कोणतं फिनिश घ्यावं? रोडियम, ई-कोटिंग की साधं पॉलिश?

‘अँटी-टार्निश’, ‘लाइफटाइम शाइन’, ‘कधीच काळं पडणार नाही’. चांदीच्या पैंजणाची एखादी रील बघितली की पुढचे चार दिवस फीडमध्ये हेच शब्द दिसत राहतात. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो: माझं पैंजण तर दोन महिन्यांत काळं पडलं, म्हणजे चांदी खोटी होती का?

बहुतेक वेळा नाही. उलट कधीच काळं न पडणाऱ्या पैंजणाबद्दल जरा जास्त प्रश्न विचारायला हवेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हुपरी ‘चंदेरी नगरी’ म्हणून ओळखलं जातं. इथं चांदीचं काम घरोघरी चालतं. पैंजण, वाळे, जोडवी, कमरपट्टे इथून देशभरातल्या सराफ बाजारात जातात. एकच पैंजण आटणी, तार ओढणं, कड्या जोडणं, घुंगरू लावणं आणि पॉलिश असं बऱ्याच हातांतून फिरतं. आपल्याला दुकानात दिसतो तो फक्त शेवटचा टप्पा, म्हणजे वरची चमक. आणि फसगतही तिथंच होते.

चांदी काळी का पडते?

अंगात उष्णता आहे म्हणून चांदी काळी पडते, असं घरात कुणीतरी सांगतंच. खरं कारण गंधक आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी थोडा असतो. तो गटारातून येतो, कुजणाऱ्या कचऱ्यातून येतो. अंडी, कांदा, लोकर, रबर यांतही गंधक असतं. चांदीशी त्याचा संयोग झाला की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो पातळ असताना चांदी पिवळसर दिसते, मग तपकिरी, निळसर-जांभळी आणि शेवटी काळी. ओलाव्यात हे सगळं भरभर होतं, म्हणून पावसाळ्यात तक्रारी वाढतात.

हे लोखंडाच्या गंजासारखं नाही. गंज लोखंड पोखरत जातो. चांदीवरचा काळा थर इतका पातळ असतो की वजनकाट्यावर फरक कळणारही नाही. गंमत म्हणजे पिस्तूल किंवा बंदुकीच्या पोलादाचा जो निळसर-काळा रंग दिसतो, तोही मुद्दाम दिलेला लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. लाल गंज धरू नये म्हणून तो देतात आणि वर तेलाचा हात फिरवत राहावा लागतो. चांदीतही ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने मुद्दाम काळे केलेले असतात. नाव ऑक्सिडाइज्ड असलं तरी तो थर ऑक्साइडचा नसून सल्फाइडचाच असतो. म्हणजे ज्याला आपण डाग म्हणतो तेच तिथं फिनिश म्हणून विकलं जातं.

९९९ शुद्धतेची चांदीसुद्धा काळी पडते, पण तिचं पैंजण करत नाहीत, कारण ती फार मऊ असते. मजबुतीसाठी तांबं मिसळतात. ९२५ चांदीत हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबंच असतं. तांबं जितकं जास्त, तितका रंग लवकर बदलतो.

रोडियम: उत्तम, पण पायात नाही

रोडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला धातू. पांढरा, कठीण आणि गंधकाला दाद न देणारा. जगातलं बहुतेक रोडियम दक्षिण आफ्रिकेतून येतं आणि ते भयंकर महाग आहे, त्यामुळे दागिन्यावर त्याचा थर अगदी नावापुरता देतात. साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉन. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

कानातले, पेंडंट, कधीतरी घालायची अंगठी यांना हा थर छान पुरतो. पैंजणाचं तसं नाही. त्याची प्रत्येक कडी शेजारच्या कडीवर घासते, शिवाय फरशी, सॅंडलचा पट्टा, साबण, माती हे सगळं रोजचं. जिथं घर्षण जास्त तिथून रोडियम आधी जातं आणि मधेच पिवळट ठिपके दिसू लागतात. पुढं कडी तुटली आणि जोडायला ज्योत दाखवली, की त्या भागाचा रंग बिघडतो आणि पुन्हा प्लेटिंग करावं लागतं.

दुसरी गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. काही दागिन्यांत रोडियमच्या खाली निकेलचा थर असतो. वरचा थर झिजला की निकेल घामाच्या संपर्कात येतं आणि काहींना त्यानं खाज सुटते, पुरळ उठतं. युरोपीय संघात दागिन्यातून किती निकेल बाहेर पडावं यावर कायद्यानं मर्यादा आहे, ती याच कारणासाठी. म्हणून ‘खाली निकेल आहे का?’ हे थेट विचारावं.

ई-कोटिंग आणि अँटी-टार्निश डिप

ई-कोटिंग म्हणजे पारदर्शक रेझिनचा थर. दागिना द्रावणात बुडवून वीजप्रवाह सोडतात, रेझिनचे कण त्यावर बसतात, मग भट्टीत भाजून थर पक्का करतात. हा थर रोडियमपेक्षा बराच जाड असतो आणि स्वस्तही पडतो. देव्हाऱ्यातली मूर्ती, शोकेसमधली फ्रेम यांच्यासाठी मला तोच पर्याय पटतो. पैंजणाच्या सांध्यावर मात्र तो तडकतो, गंधक आत शिरतं आणि चट्टे पडतात. सगळं पैंजण एकसारखं काळं झालेलं परवडतं, चट्ट्यांचं वाईट दिसतं. वर ते साफ करायचं तर आधी कोटिंग उतरवावं लागतं. अत्तर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांनीही हा थर खराब होऊ शकतो.

डिपचा थर त्याहून कितीतरी पातळ. दुकानातल्या ट्रेमध्ये माल चमकत राहावा एवढंच त्याचं काम. रोजच्या वापरात तो फार दिवस टिकत नाही.

चमकेच्या खाली काय आहे?

खरा पैशाचा मुद्दा इथं आहे. कमी टंचाच्या चांदीवर वरून शुद्ध चांदीचा किंवा रोडियमचा मुलामा दिला तर नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही. मोडीला गेल्यावर मात्र भाव आतल्या टंचाचाच मिळतो. मुलाम्याचे पैसे कुणी देत नाही, मजुरीही गेलेली असते.

त्यामुळे फिनिशच्या आधी टंच विचारा आणि तो बिलावर आकड्यात लिहून घ्या. ‘प्युअर चांदी’ हा शब्द पुरेसा नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. ती सुरू झाली तेव्हा ऐच्छिक होती, म्हणून प्रत्येक दागिन्यावर क्रमांक असेलच असं नाही. असेल तर ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

मग रोजच्या पैंजणाला काय?

माझं मत विचाराल तर काहीच नको. चांगला टंच, घट्ट जोडकाम आणि साधं पॉलिश. काळं पडलं तर रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं घासा. टूथपेस्ट नको, तिच्यानं बारीक ओरखडे पडतात. ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी ही रीलमधली युक्ती मात्र खरी आहे. त्यात गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, म्हणून किंचित सडक्या अंड्यासारखा वास येतो. फक्त ऑक्सिडाइज्ड, मीनाकारी, मोती किंवा चिकटवलेल्या खड्यांचा दागिना त्यात टाकू नका.

घरी प्लेटिंग करायचे किट आणि व्हिडिओही फिरत असतात. त्या वाटेला जाऊ नका. चांदीच्या मुलाम्याच्या पारंपरिक द्रावणात सायनाइड असतं आणि त्यात चुकून आम्ल पडलं तर विषारी वायू सुटतो. ते द्रावण मोरीत ओतायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

बाळाच्या वाळ्यांना तर कुठलाच मुलामा नको, कारण ते पायातून तोंडात जातात. पैंजण काढून ठेवताना पूर्ण कोरडं करा, हवाबंद छोट्या पिशवीत घाला आणि त्या पिशवीला रबरबँड लावू नका.