साप साप म्हणून: संगणकावरील हेरगिरी आणि तिच्या भीतीचा इतिहास

संगणकाला अपाय करणारे प्रोग्रॅम गेली चार दशके लिहिले जात आहेत आणि त्यांची भीतीही जवळजवळ तेवढीच जुनी आहे. मात्र या दोन्हींचा प्रवास एकाच वाटेने झालेला नाही. लोक ज्या तारखेला, ज्या पत्राला किंवा ज्या फाइलला घाबरले, तिथे बहुतेक वेळा फारसे काही घडले नाही. खरी हेरगिरी झाली ती कोणाच्या ध्यानीमनी नसताना. साप साप म्हणून भुई धोपटली जात असताना साप दुसऱ्याच वाटेने घरात शिरत होता. असे का झाले आणि त्यातून कोणता व्यापार उभा राहिला हे समजले, की संगणक राखण्याचे उपायही उलगडतात.

फ्लॉपीचा काळ

१९८२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळकरी मुलाने ॲपल-२ संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरे आणि त्या फ्लॉपीवरून संगणक पन्नासाव्यांदा सुरू केला की पडद्यावर एक कविता दाखवी. पुढच्याच वर्षी फ्रेड कोहेन या संशोधकाने स्वतःच्या प्रती काढणाऱ्या प्रोग्रॅमचे प्रात्यक्षिक विद्यापीठात करून दाखवले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम जातीच्या पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. त्यात या भावांची नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही होते. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे होते.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडलेल्या, नेटवर्कवरून स्वतःहून पसरणाऱ्या ‘मॉरिस वर्म’ने त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. या घटनेनंतर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणी हाताळणारे पहिले पथक स्थापन झाले. १९८९ च्या अखेरीस लंडनहून टपालाने सुमारे वीस हजार फ्लॉपी अनेक देशांत पाठवल्या गेल्या. एड्सचा धोका मोजून देणारा प्रोग्रॅम असे त्यांचे वर्णन होते. संगणक नव्वद वेळा सुरू झाला की हा प्रोग्रॅम फायलींची नावे बदलून त्या लपवी आणि १८९ डॉलर पनामातील टपालपेटीवर पाठवण्याची मागणी करी. रोगाची भीती दाखवून संगणकात शिरायचे आणि मग फायली गमावण्याच्या भीतीवर पैसे उकळायचे, ही रीत इथे प्रथमच एकत्र दिसते.

संगणकाची भीती घराघरांत नेली ती ‘मायकेलएंजेलो’ने. हा व्हायरस १९९१ मध्ये सापडला. तो वर्षभर गप्प राही आणि ६ मार्चला संगणक सुरू केल्यास हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकी. ती तारीख इटालियन शिल्पकाराच्या जन्मदिवसाशी जुळत असल्याने संशोधकांनी त्याला हे नाव दिले. १९९२ च्या सुरुवातीला काही उत्पादकांचा नवा माल या व्हायरससह बाजारात गेल्याचे उघड झाले आणि वृत्तपत्रांनी विषय उचलला. पन्नास लाख संगणक बाधित असू शकतात, हा अँटीव्हायरस विकणारे जॉन मॅकॲफी यांच्या नावावर फिरलेला आकडा सर्वत्र छापला गेला आणि अँटीव्हायरसची विक्री झपाट्याने वाढली. प्रत्यक्षात ६ मार्चला नोंदल्या गेलेल्या घटना दहा ते वीस हजारांच्या घरात होत्या. व्हायरस खरा होता. मात्र भीती त्याच्या कित्येक पटींनी मोठी ठरली.

पत्रातून पसरलेली अफवा

ई-मेलमुळे भीतीला व्हायरसचीही गरज उरली नाही. १९९४ च्या अखेरीस ‘गुड टाइम्स’ नावाच्या पत्राविषयीची सूचना फिरू लागली. हे पत्र नुसते वाचले तरी हार्ड डिस्क पुसली जाते आणि प्रोसेसर निकामी होतो, तेव्हा सर्व परिचितांना सावध करा, असे तिच्यात म्हटले होते. असा व्हायरस नव्हताच आणि साध्या मजकुराचे पत्र वाचल्याने त्या काळी काही होणेही शक्य नव्हते. जे पसरत होते ते सूचनेचे पत्र, आणि पसरवणारे होते आप्तांची काळजी वाहणारे सज्जन लोक.

२००१ आणि २००२ मध्ये अफवांची ही रीत आणखी पुढे गेली. विंडोजमधील एका फाइलचे नाव देऊन ‘ही फाइल सापडली तर तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब पुसा’ असे पत्र फिरले. ती फाइल विंडोजच्या त्या वेळच्या घरगुती आवृत्त्यांत मुळातच असे, त्यामुळे शोधणाऱ्याला ती हमखास सापडे आणि त्याची खात्री पटे. दुसऱ्या अशाच पत्रातील फाइलचे चिन्ह लहानसे अस्वल होते. सिस्टिमच्या फायलीला असले चिन्ह कसे, म्हणून संशय अधिकच बळावे. असंख्य लोकांनी आपल्या संगणकातील निरुपद्रवी फायली स्वतःच्या हाताने पुसल्या.

दरम्यान ई-मेलचा खरा धोकाही जन्मला होता. १९९९ चा ‘मेलिसा’ वर्डच्या फाइलमधून पसरला. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ने काही तासांत जगभरातील कार्यालयांच्या ई-मेल यंत्रणा बंद पाडल्या. तो पसरण्यासाठी पत्रासोबत आलेली फाइल उघडावी लागे. प्रेमपत्राच्या आशेने लोकांनी ती उघडली. फिलिपीन्समध्ये त्या वेळी व्हायरस सोडण्याविरुद्ध कायदाच नसल्याने संशयितावरील आरोप मागे घ्यावे लागले.

गुपचूप आलेले हेर

व्हायरसच्या भीतीने अँटीव्हायरस घेणाऱ्यांच्या संगणकात याच सुमारास वेगळ्या जातीचे प्रोग्रॅम शिरले. ते काही पुसत नसत, कविता दाखवत नसत. माणूस कोणती संकेतस्थळे पाहतो, काय शोधतो, काय खरेदी करतो, हे टिपून ते जाहिरात कंपन्यांना कळवत. गाणी उतरवून घेण्याच्या ‘काझा’सारख्या फुकट सॉफ्टवेअरसोबत ते येत आणि त्यांची परवानगी पानेच्या पाने भरलेल्या करारपत्रात दडलेली असे. वापरणारा न वाचता ‘मान्य’ म्हणे. ‘गेटर’ हा पासवर्ड लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम असाच लाखो संगणकांवर बसला. दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर तो आपल्या जाहिराती झळकवू लागल्याने २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या वृत्तपत्रांनी त्याच्या कंपनीवर दावा ठोकला.

अशा प्रोग्रॅमना स्पायवेअर हे नाव २००० च्या सुमारास रूढ झाले. संगणक-तज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांनी त्याच वर्षी ते शोधून काढणारे साधन प्रसिद्ध केले. ‘ॲड-अवेअर’ आणि ‘स्पायबॉट’ ही फुकट साधने लोकप्रिय झाली. २००४ मध्ये अमेरिकेतील घरगुती संगणकांच्या एका पाहणीत पाचांपैकी चार संगणकांत स्पायवेअर आढळले आणि बहुतेक मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. २००५ मध्ये संगणक-तज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी तर सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी संगणकात लपणारे सॉफ्टवेअर बसवतात, हे उघड केले. पैसे मोजून दुकानातून घेतलेल्या वस्तूची शंका तोवर कोणाला आली नव्हती. कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

भीतीचा बाजार

स्पायवेअरची बातमी सर्वतोमुखी झाली, तशी तिच्यावर जगणारी नवी फसवणूक सुरू झाली. ‘तुमच्या संगणकात हेर आहेत’ अशी चौकट पडद्यावर झळके, फुकट तपासणीचे नाटक होई आणि पाच-पन्नास ‘धोक्यां’ची यादी येई. ते काढण्यासाठी सुमारे ५० डॉलरचे सॉफ्टवेअर घ्यावे लागे. ‘स्पायवेअर क्लीनर’ स्वच्छ संगणकातही स्पायवेअर दाखवतो, असा आरोप ठेवून वॉशिंग्टन राज्याने २००६ मध्ये त्याच्या कंपनीवर खटला भरला; दहा लाख डॉलरवर तडजोड झाली. ‘विनफिक्सर’सारखी उत्पादने विकणाऱ्या टोळीने दहा लाखांहून अधिक लोकांना फसवल्याचे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००८ मध्ये न्यायालयात मांडले.

‘कॉन्फिकर’ या वर्मच्या इतिहासात भीती, हानी आणि बाजार तिन्ही एकत्र येतात. १ एप्रिल २००९ ला तो काहीतरी भयंकर करणार, असा गाजावाजा झाला. तो दिवस शांततेत गेला आणि लोक निर्धास्त झाले. पुढच्या काही दिवसांत त्याने बाधित संगणकांवर एक खोटे स्पायवेअरविरोधी सॉफ्टवेअर उतरवले आणि तो त्याचे पैसे मागू लागला.

महाराष्ट्र आणि भारत

भारतात व्हायरस पसरला तो हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपी, सॉफ्टवेअरच्या नकली प्रती आणि पुढे सायबर कॅफेतील पेन ड्राइव्ह यांच्यामार्फत. फोल्डर गायब करून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानाला ठाऊक होता. याच परिस्थितीत पुण्यात एक उद्योग जन्मला. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून कैलास काटकर यांनी संगणक दुरुस्तीत पाय रोवले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस वारंवार सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली.

कायद्यानेही हळूहळू दखल घेतली. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस सोडणे हे भरपाईस पात्र कृत्य ठरले. २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय यंत्रणा काम करू लागली आणि २०१७ मध्ये तिच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने संगणक साफ करणारी साधने नागरिकांना फुकट देण्यास सुरुवात केली. अफवांचा उपद्रव मात्र संपला नाही. ‘अमुक व्हिडिओ उघडला तर फोन हॅक होईल, सर्व ग्रुपवर पाठवा’ असे व्हॉट्सॲपवरचे संदेश हे ‘गुड टाइम्स’चेच वंशज आहेत.

भीती खरी ठरते तेव्हा

या इतिहासावरून प्रत्येक भीती खोटी असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. कॅमेऱ्यातून कोणी पाहत असेल, ही शंका अनेकांना भ्रम वाटे. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका शाळा-संस्थेने विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपमधून त्यांच्या नकळत छायाचित्रे घेतल्याचे उघड झाले. हरवलेले लॅपटॉप शोधण्यासाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरने कॅमेऱ्याची आणि पडद्याची मिळून हजारो चित्रे जमवली होती. संस्थेला ६ लाख १० हजार डॉलर देऊन वाद मिटवावा लागला.

इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे ‘पेगासस’ हे फोनवर हेरगिरी करणारे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये उजेडात आले. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांना फोनधारकाने काही उघडण्याचीही गरज नव्हती. सुमारे १४०० जणांना यातून लक्ष्य केल्याचा आरोप व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये न्यायालयात केला. त्यांत भारतातील पत्रकार आणि कार्यकर्तेही होते. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौकशी समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच असल्याचे निश्चित झाले नाही. अशी महागडी हेरगिरी निवडक व्यक्तींवर होते. सामान्य माणसाला मोठा धोका असतो तो फुकट ॲपचा, खोट्या कस्टमर केअरचा आणि घाबरवून पैसे मागणाऱ्या दूरध्वनीचा.

उपाय

चार दशकांतील बहुतेक घुसखोरी तीन वाटांनी झाली: जुन्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी, माणसाने स्वतः बसवलेला प्रोग्रॅम आणि न वाचता दिलेली संमती. कॉन्फिकरला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने तो पसरण्यापूर्वीच, ऑक्टोबर २००८ मध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांचे संगणक बळी पडले. पेन ड्राइव्ह जोडताच त्यातील प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची सोय विंडोजने काढून टाकली, तेव्हा त्या वाटेने होणारा प्रसार घटला. २००४ मधील विंडोज एक्सपीच्या सुधारणेने आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींना आणि परस्पर बसणाऱ्या प्रोग्रॅमना अडवले. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटीव्हायरस विंडोजमध्येच समाविष्ट झाला, त्यामुळे पडद्यावर अचानक झळकणाऱ्या चौकटीतून तो विकत घेण्याचे कारण उरले नाही.

म्हणून संगणक राखण्याची शिस्त साधी आहे. सुधारणा वेळेवर बसवाव्यात, सॉफ्टवेअर मूळ निर्मात्याकडूनच घ्यावे आणि रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. कॅमेरा, मायक्रोफोन व संपर्कयादीची परवानगी मागणाऱ्या ॲपला ती कशासाठी हवी हे तपासावे आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी. घाईने पैसे भरायला, फाइल पुसायला किंवा संदेश पुढे पाठवायला लावणारी प्रत्येक सूचना आधी पडताळून पाहावी. कारण ‘गुड टाइम्स’पासून आजपर्यंतच्या अफवा आणि फसवणुकी या घाईवरच पोसल्या आहेत.