शेक आणि माफी

शहापूरहून किन्हवलीला येणाऱ्या एसटीत पुढच्या बाकावरच्या बाई शेजारणीला सांगत होत्या, “बाबांना तीस शेक सांगितलेत. ते झाले की मग वर्षभर ताकदीच्या सुया.” मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत इस्पितळाची फाईल. दुखणं फुप्फुसाच्या कॅन्सरचं होतं, हे दोन थांब्यांनंतर कळलं.

मला शब्दांची जुनी खोड आहे. किन्हवली हे नावच किन्हईच्या झाडावरून आलं असावं आणि पुढची ‘वली’ डोंबिवली-कांदिवलीसारखी पल्लीची असावी, असा तर्क मी या रस्त्यावर कितीदा तरी लढवला आहे. त्या दिवशी मात्र शेक आणि ताकद या दोन शब्दांनी घरापर्यंत सोबत केली. त्यातला पहिला अगदी नेमका आहे. दुसरा चुकीचा आहे, आणि ती चूक त्या बाईंची नव्हे.

आधी शेक. रेडिएशनसाठी परिभाषाकारांनी ‘प्रारण’ काढला, वर्तमानपत्रांनी ‘किरणोत्सर्ग’ चालवला, पाट्यांवर ‘किरणोपचार’ आला. रांगेत बसलेल्या माणसाच्या तोंडी यांतलं काही नाही. तिथे शेक, नाहीतर लाईट. किरणोत्सर्ग म्हटलं की जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला तारापूर आठवतं. शेक म्हटलं की बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी आठवते. भीती घालवायचं अर्धं काम तिथेच होतं.

या शब्दाची वाट मोठी मजेची आहे. संस्कृतात सेक म्हणजे शिंपडणे, ओतणे. मराठीत इ-ए पुढे आले की स चा श होतो: सीव्यचं शिवणे, सिध्यचं शिजणे. त्या हिशेबाने सेकाचा शेक झाला, असं मानायला जागा आहे. मग पाण्याचा शब्द विस्तवाकडे कसा गेला? आयुर्वेदातल्या स्वेदनाच्या प्रकारांत परिषेक आहे. कोमट काढ्याची धार अंगावर सोडायची. तिथे ओल आणि ऊब एकत्र नांदतात. पुढे ओल सुकली, ऊब उरली. म्हणजे मिरचीच्या रोपांना शिंपणं आणि गुडघे शेकणं ही भावंडं ठरतात. आता तर ऊबही गेली, कारण यंत्राखाली पडल्यावर पेशंटला काहीच जाणवत नाही. कातडी काळवंडते ती मागाहून. शब्द तरी तोच.

पूर्वी हा शेक बहुतेक ठिकाणी कोबाल्टच्या यंत्रातून मिळे. कोबाल्ट म्हणजे जर्मन खाणकामगारांचा कोबोल्ड, खाणीतला खवीस. चांदीच्या आशेने दगड भाजावा तर चांदी नाही, वर विषारी धूर. मग दोष खविसाला. त्याच खविसाला जुंपून भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ घडवलं आणि पहिलं यंत्र 2005 साली खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या आवारात बसलं. फुप्फुसासाठी आता बहुधा लिनॅक नावाचं यंत्र वापरतात. त्या नावात गोष्ट काही नाही.

आता ताकदीची सुई, म्हणजे इम्युनोथेरपी. इम्युनिटीला आपण ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हटलं, तिथेच घोळ झाला. शक्ती आली की ताकद आली, ताकद आली की सलाईन, काढा आणि च्यवनप्राश आले. करोनाच्या दिवसांत तर इम्युनिटी किराण्याच्या दुकानात मिळत होती.

मूळ लॅटिन शब्दात शक्तीचा मागमूस नाही. ‘मूनस’ म्हणजे माणसावरचा भार, कर किंवा चाकरी. तो ज्याच्यावर नाही तो ‘इम्युनिस’. सरळ आपल्या भाषेत सांगायचं तर सारामाफीचा इनामदार. म्युनिसिपालिटीही त्याच मूनसच्या पोटची. घरपट्टी भरणारे आणि न भरणारे एका कुळातले निघाले. चरकसंहितेतला शब्द आहे व्याधिक्षमत्व. क्षम् म्हणजे सोसणे, पेलणे; क्षमा त्याच धातूची. रोमनांनी माफी करात पाहिली, आपल्याकडे ती सोसण्यात पाहिली. दोन्हीकडे अर्थ माफीपाशी येऊन थांबतो, हे मला फार दिवस नवलाचं वाटत आलं आहे.

कॅन्सरच्या बाबतीत ही माफी कोणी लाटलेली असते? खुद्द कॅन्सरने. शरीरातल्या टी-पेशी गस्त घालत असतात. त्यांना आवर म्हणून एक ब्रेक असतो, पीडी-1. कॅन्सरची पेशी आपल्या अंगावरचं पीडी-एल1 नावाचं प्रथिन सनदेसारखं पुढे करते, ब्रेक दाबला जातो, गस्तवाला निघून जातो. पीडी म्हणजे ‘ठरवून आलेलं मरण’. 1992 साली तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला हे जनुक सापडलं तेव्हा त्याचा संबंध पेशीच्या मरणाशी असावा असं वाटलं होतं. काम वेगळंच निघालं, नाव चिकटलं ते चिकटलं. होंजो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना 2018चं नोबेल मिळालं ते असे ब्रेक सोडवण्याच्या कामासाठी.

म्हणजे ही सुई ताकद देत नाही. ती सनद खोटी ठरवते. 1852च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसलं आणि पिढीजात इनामदारांना कागद दाखवा म्हणाले. तसं हे औषध. त्या कमिशनने इनामदारांचा राग ओढवून घेतला, ते सोडून देऊ.

मग शेक कशाला जोडायचा? शेकाने गाठीतल्या पेशी फुटतात आणि त्यांचा आतला माल बाहेर पडतो. जणू दवंडी पिटली जाते आणि टी-पेशींना चोराची ओळख पटते. क्वचित शेक एका गाठीला दिला आणि लांबची, न शेकलेली गाठही विरघळली असं दिसलं. आर. एच. मोल यांनी 1953 साली त्याला ‘अ‍ॅबस्कोपल’ नाव दिलं: ‘अ‍ॅब’ म्हणजे दूर, ‘स्कोपोस’ म्हणजे नेम धरण्याची खूण. मराठीत ‘परवेध’ म्हणावं असं मी सुचवतो. पण प्रयोगांत हेही दिसलं की शेक बसलेली पेशी जास्तच सनदा नाचवू लागते. म्हणून शेकामागून सुई.

2017 साली ‘पॅसिफिक’ चाचणीचे निष्कर्ष आले. फुप्फुसाचा तिसऱ्या टप्प्यातला, शस्त्रक्रिया न होणारा कॅन्सर. आधी केमो आणि शेक एकत्र, त्यानंतर रोग वाढला नसेल तर दर दोन आठवड्यांनी वर्षभर दुर्वाल्युमॅब. पाच वर्षांनी सुई घेतलेल्यांपैकी शंभरात सुमारे 43 हयात होते, न घेतलेल्यांत 33. पुढच्या एका चाचणीत हेच औषध शेकाबरोबरच सुरू केलं, तर रोग थोपवण्यात फायदा दिसला नाही. ‘मग’ या अव्ययाला इतकी किंमत असेल असं वाटलं नव्हतं. त्या बाईंनी ते बिनचूक वापरलं होतं: शेक, मग सुया.

दुर्वाल्युमॅब ऐकून मराठी माणसाला गणपतीची जुडी आठवणारच. पण शेवटचं ‘मॅब’ प्रतिपिंडाचं, ‘यु’ मानवी बनावटीचा, ‘ल’ प्रतिकारसंस्थेचा. उरलेलं ‘दुर्वा’ नावाला नाव.

किंमत मात्र लाखांत जाते. इथे ‘मात्रा’ हा शब्द कामाला आला. परळच्या टाटा रुग्णालयाने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये याच जातीचं निव्होल्युमॅब हे औषध नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, 20 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. 2023 साली छापलेल्या निष्कर्षांत वर्षाअखेर हयात असलेल्यांचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. त्यात शेक नव्हता, फुप्फुसही नव्हतं. तरी उगाळून दिलेली मात्रा लागू पडते, ही आजीची समजूत मला तेव्हा आठवली.

ताकद या शब्दावर माझा राग का, ते आता सांगतो. सनदा रद्द करणारा कधी खऱ्या इनामदारालाही धरतो. टी-पेशी निरोगी फुप्फुसावर, आतड्यावर, थायरॉईडवर उठतात. त्यात फुप्फुस आधीच शेकलेलं. ताकदीची सुई चालू आहे म्हणणारं घर नव्या कोरड्या खोकल्याला जुनाच खोकला समजतं आणि गावात सिरप घेऊन गप्प बसतं. डॉक्टरमंडळींनी ‘शक्ती वाढवतो’ म्हणण्याऐवजी ‘रोगाची माफी काढून घेतो’ म्हणावं. शेतसारा भरलेल्या माणसाला ते लगेच कळेल.

आणि तुमच्या घरी कुणाला या सुया चालू असतील, तर गावातल्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा. नवा खोकला, धाप किंवा जुलाब सुरू झाले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका; त्याच दिवशी फाईलवरच्या नंबरावर फोन करा.