रायपूरची लाखडी आणि मूत्रातील साक्ष
रायपूर परिसरात भाताची कापणी होण्याआधीच उभ्या पिकातील ओलाव्यावर लाखडीचे बी फेकतात. ‘उतेरा’ नावाच्या या पद्धतीने येणारे आणि विदर्भात लाख किंवा लाखोळी म्हणून ओळखले जाणारे हे कडधान्य अवर्षणातही तग धरत असल्याने दुष्काळात गरिबांच्या ताटात अनेकदा तेवढेच उरे. महिनोन्महिने मुख्यतः तेच खाणाऱ्यांपैकी काहींचे पाय कायमचे ताठरतात व दुबळे होतात. या विकाराला लॅथिरिझम म्हणतात. ब्रिटिश अधिकारी स्लीमनने सागरकडील असे रुग्ण १८४४ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले, तर १८९६ ते १९०२ या काळातील मध्य प्रांतातील रुग्णांविषयीचा वैद्यकीय अधिकारी बुकाननचा अहवाल १९०४ मध्ये नागपूरला छापला गेला.

लाखडीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदीचा नियम आला, जो महाराष्ट्राने लागू केला आणि मध्य प्रदेशाने केला नाही. मात्र बियांतील ओडॅप या विषारी अमिनो आम्लाची ओळख राव, अडिगा व सर्मा यांनी पटवली ती १९६४ मध्ये, म्हणजे नियमानंतर.

तरीही डाळ अनेकांनी खाल्ली असताना थोडेच पांगळे का झाले, हा खरा प्रश्न उरला होता आणि त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा मूत्रातून मिळाला: २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डाळ खाल्लेल्या माणसांच्या मूत्रात ओडॅप अत्यल्प आढळले, यावरून मानवी शरीर त्याचे बरेचसे विघटन करत असावे, असा निष्कर्ष निघाला. जे विष उरते ते चेतापेशींना अतिउत्तेजित करते व पेशींतील ऊर्जानिर्मिती बिघडवते. त्यातून अतिक्रियाशील प्राणवायुयुक्त रेणू वाढून पेशीपटलातील स्निग्धाम्लांचे ऑक्सिडीकरण होते, आणि या स्थितीलाच ऑक्सिडीकरण-ताण म्हणतात. तो मोजण्यासाठी पूर्वी मॅलॉनडायअल्डिहाइड हा अवशेष पाहत, पण मूत्रातील त्याच्या प्रमाणावर आहाराचाही परिणाम होत असल्याने १९९० मध्ये अमेरिकेत मॉरो व रॉबर्ट्स यांनी दाखवून दिलेले आयसोप्रोस्टेन अधिक विश्वासार्ह ठरले. रक्त न काढता ते मूत्रात मोजता येतात ही मोठीच सोय आहे, तथापि ते सबंध शरीराचा ताण सांगतात, मज्जारज्जूतील इजेचे नेमके ठिकाण नव्हे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१६ मध्ये बंदी उठवण्याच्या बाजूने दिलेल्या शिफारशीत रतन, प्रतीक व महातिवरा हे कमी ओडॅपचे वाण होते, आणि त्यांतील शेवटचे दोन रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे आहेत. बियांतील विषाच्या टक्केवारीइतकेच खाणाऱ्याच्या मूत्राचे मोजमापही अशा निर्णयात धरले जाणे अगत्याचे आहे, कारण उपासमारीच्या वर्षी हे विष पचवावे लागते ते आधीच खंगलेल्या शरीराला.